कुसळं काढायचा धोंडा

जिवलीच्या लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. ती आत उखळात भात कांडत होती आणि कुडापलीकडे अंगणात तिची सासू कौसाबाई आणि चुलत सासरा बुधाजी यांचं भांडण लागलं होतं. कारवीच्या काठ्यांचा पातळ कूड तो, त्याला कान लावायची गरज नव्हती. जिवलीने मुसळ तेवढं जरा हळू केलं.

"वयनी, वाघोबाची हद्द वरल्या धोंड्याला संपते," बुधाजी म्हणत होता. "माझा आजा तिथं बसायचा, बाप तिथं बसायचा. तू सात-आठ वर्षं झाली, खालच्या धोंड्यावर बसतेस. तुझे गुडघे दुखतात म्हणून देवाची हद्द खाली यायची काय?"

"मग काय मी वर थांबू? वरला धोंडा कसा उंच, बसला की उठायला दोन माणसा लागतात," कौसाबाई म्हणाली. "आणि तुझ्या देवाला चार पाय हायत. मला दोन, तेबी दुखरे. त्यानंच खाली यावा."

"असा कुठं असतो काय!"

"असतो. मी देवाचा एक कुसळ जरी हद्दीभायेर नेला असता तर त्याने मला सोडली असती काय? सात-आठ वर्षात मला साधा ताप नाय आला. म्हणजे हद्द खालीच हाय."

बुधाजी कोयती खांद्यावर टाकून निघून गेला.

बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये डोंगराच्या पायथ्याला ही कातळवाडी. वीस-बावीस घरं. वर डोंगराच्या कुशीत वाघोबाचं रान आहे. वाघ कुणी पाहिलेला नाही, पण शेंदूर लावलेला दगड आहे आणि त्यावर कोरलेला वाघ आहे. तो मांजरासारखा दिसतो, हे मोठ्याने कुणी बोलत नाही. या रानातून बाहेर काही न्यायचं नाही, असा वाडीचा नेम. लाकूड तर नाहीच, पण पान नाही, बी नाही, लुगड्याला चिकटलेलं कुसळसुद्धा नाही. रानातून उतरताना हद्दीवरच्या धोंड्यावर बसायचं, अंगावरची सगळी कुसळं आणि चिकट्या एकेक करून काढायच्या आणि मागे रानात टाकायच्या. करवंदं आत खाल्ली तर बिया आतच थुंकायच्या. पावसाळ्यात कुसळं नसतात, तेव्हा पायाचा चिखल खरवडून ठेवायचा. मग घरी जायचं.

भांडणाचं मूळ राबात होतं. भाताचं रोप टाकण्याआधी त्या तुकड्यावर फांद्या आणि पाला जाळतात, त्याला राब म्हणतात. वरच्या आणि खालच्या धोंड्याच्या मधल्या उतारावर आईनाची झाडं चांगली माजली होती, आणि बुधाजीचा त्यावर डोळा होता. हद्द वर असली तर आईन बुधाजीचा, खाली असली तर वाघोबाचा. दुसऱ्या दिवशी बुधाजी कोयती घेऊन गेला तेव्हा कौसाबाई खालच्या धोंड्यावर कुसळं काढत बसली होती. दुपारी गेला तेव्हाही बसली होती. चार दिवस ती एवढी कुसळं काढत होती की लुगड्यात सूत तरी उरलं असेल की नाही कोण जाणे. पाचव्या दिवशी बुधाजीने आपल्या बांधावरचा आईन तोडला आणि विषय संपला. म्हणजे संपला नाही, पण थांबला.

जिवलीने ऐकलेलं कुणाला सांगितलं नाही. नव्या सुनेने काय काय ऐकलं हे सांगायचं नसतं. पण डोक्यात राहिलं.

मधल्या उतारावर एक झरा आहे, उंबराच्या मुळाशी. वैशाखात वाडीतल्या दोन्ही विहिरी तळ दाखवतात तेव्हा हा झरा करंगळीएवढा का होईना, वाहत असतो. त्यात पाला पडतो, माती घसरते. रोज सकाळी जाऊन तो हाताने साफ करायचा, हे काम वाडीत नव्या सुनेकडे यायचं. मग दुसरी नवी सून आली की तिच्याकडे. जिवलीनंतर वाडीत बऱ्याच सुना आल्या, पण प्रत्येकीला काहीतरी होतं. कुणाला दिवस गेले होते, कुणाला कंपनीत मोरिवलीला जायचं होतं, कुणाला पायऱ्या नसलेल्या जागी चक्कर येत होती. काम जिवलीकडेच राहिलं. पन्नास वर्षं ती वाडीची नवी सून होती.

झरा करून ती वर वाघोबाला हात जोडायची, खाली यायची आणि खालच्या धोंड्यावर बसून कुसळं काढायची. तेव्हा ती तरणी होती, गुडघे धड होते, वरच्या धोंड्यावर बसायला तिला काहीच अडचण नव्हती. पण सासू खाली बसते आणि सून वर बसते, असं कुठं असतं? पुढे सासू गेली. तोवर जिवलीचे गुडघे गेले होते.

नवरा तिचा लवकर गेला. मुलगी एक, चांगुणा. जिवलीने भात लावलं, कापलं, वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, श्रावणात सोमवारी अंबरनाथला शिवमंदिरापाशी बेलाची पानं विकली. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, जंगलातला ना?" तर ही सांगायची, "नाय, परसातला." जंगलातला म्हटलं असतं तर पानं लवकर खपली असती. शेजारची गोदूबाई वसाहतीच्या कुंपणातून तोडलेला बेल जंगलातला म्हणून विकायची आणि दहा वाजता घरी असायची. जिवलीला संध्याकाळ व्हायची.

तिला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. कंडक्टरला चांगुणाचं वय तिने दोन वर्षं सलग पाचच सांगितलं होतं. पण वाघोबाच्या बाबतीत तिचं तोंड उघडत नसे.

चांगुणा लग्न होऊन बदलापूरला मांजर्लीत गेली. तळमजल्याला घर. वाडीच्या झऱ्याचा ओढा होतो, ओढा उल्हास नदीत जातो आणि पावसाने फार जोर धरला की नदी मांजर्लीत येते. पहिल्यांदा घरात पाणी शिरलं तेव्हा चांगुणाने फोन केला. "आई, तुझं पाणी आलंय. माझ्या सोफ्यावर बसलंय."

"चहा विचार त्याला," जिवली म्हणाली. मग चार दिवस तिला जेवण गेलं नाही.

रविवारी शहरातली पोरं डोंगरावर यायला लागली, तेव्हा जिवलीचं काम वाढलं. ती खालच्या धोंड्यापाशी बसून एकेकाला थांबवायची. "खिसे दाव. बूट काढ. मोजा उलटा कर." एकदा उल्हासनगरच्या कॅम्पातला एक जीन्स शिवणारा कारखानदार आपल्या मित्रांबरोबर आला होता. चांगला पोट सुटलेला माणूस. त्याला जिवलीने पाऊण तास कुसळं काढायला बसवलं. तो काढत होता आणि प्रत्येक कुसळ कापडात किती आत गेलंय ते बघत होता. शेवटी मित्राला म्हणाला, "कपडा हलका है यार. अपना ही माल है." जाताना तो जिवलीच्या पाया पडला. का, ते तिला कळलं नाही.

तर दोन वर्षांमागे बातमी आली की सरकार हे सगळं रान आणि त्यातून नदीला जाणारे ओढे मिळून राष्ट्रीय उद्यान करणार. वाडीत आधी गैरसमज झाला. उद्यान म्हणजे बदलापुरात नगरपालिकेचं आहे तसं, हे सगळ्यांनी धरलं आणि झोपाळे कुठं बसवणार यावर दोन बैठका झाल्या. मग वनरक्षक किर्ती आली. तिशीच्या आतली मुलगी, खाकी कपडे, केसांना घट्ट अंबाडा. तिने समजावलं की झोपाळे नाहीत. उरलंय तेवढं रान राखायचं, ओढे राखायचे. रान असलं की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, सावकाश खाली येतं, एकदम लोकांच्या घरात शिरत नाही.

"माझ्या मुलीला सांग," जिवली म्हणाली. "ती मलाच बोलते."

वाघोबाचं रान उद्यानात जाणार, याला कुणाची हरकत नव्हती. घोळ हद्दीचा होता. जुन्या कागदावर एवढंच लिहिलेलं की देवाचं रान, हद्द वहिवाटीप्रमाणे. म्हणजे लोक जशी पाळत आले तशी. त्या रानाच्या खालची जमीन बुधाजीच्या घरची. बुधाजी जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि जमीन आता त्याचा नातू हेमंत बघत होता. हेमंत तिशीचा, मोटारसायकलवाला, बदलापुरात जमिनीच्या व्यवहारात फिरणारा. हद्द वरच्या धोंड्याला धरली तर मधला उतार हेमंतचा आणि उतारावरचा झराही हेमंतचा. आणि हेमंतकडे एक पार्टी तयार होती. तिला फार्महाऊस बांधायचं होतं, आणि झरा बघून ती म्हणाली होती की इथं पोहायचा तलाव करू.

हेमंत पेढे घेऊन जिवलीकडे आला.

"काकी, मोजणीवाले साहेब येणार आहेत. तुलाच विचारणार. वाडीत तुझ्याएवढं जुनं कोणी राहिलं नाही ना."

"बरं."

"तू फक्त खरं सांग. मी तुला झूठ बोलायला सांगतो का? आजोबा मला सांगून गेलेत, हद्द वरच्या धोंड्याला. तू पण ऐकलं असशील."

जिवलीने पेढा तोंडात टाकला म्हणजे बोलावं लागू नये.

"पार्टी एकदम सॉलिड हाय, काकी. पाइप टाकून देतील वाडीला. नळ येईल तुझ्या दारात."

"आणि तलाव भरल्यावर?"

"म्हणजे?"

"वैशाखात. आधी तलाव भरायचा का आधी नळ?"

"तू ना काकी, टेन्शन फार घेतेस," हेमंत म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

तीन दिवस जिवलीने चहात मीठ घातलं. चौथ्या दिवशी तिने चांगुणाला फोन केला.

"आई, त्यात काय एवढं? खालचा सांग आणि मोकळी हो."

"मी ऐकलाय ना पण. कुडातून. बुधाजी मामंजी बोलले, आजा वर बसायचा, बाप वर बसायचा. आणि सासूने ते खोटं हाय असा म्हटला नाय. गुडघ्यावर नेला तिने."

"पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेलं!"

"कान तेच हायत."

"मग वरचा सांग."

"आणि झरा?"

चांगुणा म्हणाली, "तुला नाय बोलायचं तर नको बोलू काही. बहिरी हो."

"किर्ती मला रोज हाक मारते. तिला ठाऊक हाय."

मोजणीचा दिवस उजाडला तो कार्तिकातला. गवत वाळून कमरेएवढं झालेलं, कुसळं नुसती माणसाची वाट बघत होती. साहेब आले. पांढरी पँट, हातात यंत्र, काखेत फाइल. किर्ती होती, हेमंत होता. वाडीतली सात-आठ माणसं काम नसल्यासारखी उभी होती.

"आजी, हद्द दाखवता का?" साहेबांनी विचारलं.

"आधी झरा करून येते," जिवली म्हणाली आणि चालायला लागली. मग सगळेच तिच्यामागे निघाले. तिने झऱ्यातला पाला काढला, गाळ करवंटीने उपसला, साहेब उभे राहून बघत होते. तिथून ती वर वाघोबाकडे गेली. साहेबांनी हात जोडले, दगडावरच्या वाघाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. साहेब समजूतदार होते.

परत उतरताना वरच्या धोंड्यापाशी हेमंत आडवा झाला.

"साहेब, हाच तो. माझे आजोबा स्वतः सांगून गेलेत. हद्द इथं संपते. विचारा काकीला."

साहेबांनी जिवलीकडे पाहिलं. वाडीने जिवलीकडे पाहिलं. किर्ती दुसरीकडे बघत होती.

जिवलीने वाघोबाच्या दिशेने एकदा मान वळवली. "हां," ती म्हणाली. "असा बोलले होते मामंजी. मी कानाने ऐकलाय."

हेमंतचं तोंड उघडंच राहिलं. एवढं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"माझी सासू काय बोलली तेबी ऐकलाय," जिवली पुढे म्हणाली.

"काय बोलल्या?"

"देवाला चार पाय हायत, मला दोन. त्यानंच खाली यावा."

साहेबांनी हे लिहिलं नाही. त्यांनी धोंड्यावर यंत्र ठेवलं, आकडा आला, तो कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडला. जिवली उतारावरून खाली झऱ्याच्या उंबराकडे बघत राहिली. हातातली करवंटी तिने दोन वेळा पदराने पुसली, आणि ती कोरडीच होती.

मग सगळे खाली निघाले. साहेबांची पांढरी पँट आता पांढरी राहिली नव्हती. गुडघ्यापर्यंत कुसळं, त्यावर चिकट्या. प्रत्येक पावलाला साहेब "आई गं" म्हणत होते.

"अरे साहेब, या ना, बसा," हेमंत म्हणाला. त्याचा जीव हलका झाला होता आणि पाहुणचार सुचत होता. खालच्या धोंड्यावर फुंकर मारून त्याने साहेबांना जागा करून दिली, स्वतः शेजारी टेकला आणि पाय पुढे घेऊन आपल्या जीन्सची कुसळं काढायला लागला. एकेक उपटायचं, न बघता खांद्यावरून मागे टाकायचं. लहानपणापासूनचा हात तो, त्याला सांगावं लागत नाही. "साहेब, मागं टाका हां. पुढं नाही टाकायचं. देवाचं असतं."

साहेब मागे टाकायला लागले. किर्ती समोर उभी राहून बघत होती.

"हेमंतदादा," ती म्हणाली, "इथं का बसलात?"

"म्हणजे? कुसळं काढायला."

"वरच्या धोंड्यावर का नाही काढलीत?"

"वर कोण काढतं?" हेमंत म्हणाला. "आमच्याकडे सगळे इथंच..."

आणि तो थांबला. चिमटीत एक कुसळ होतं.

वाडीतल्या माणसांपैकी कुणीतरी खोकलं. साहेबांनी फाइल उघडली, जुना कागद काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "वहिवाटीप्रमाणे," ते स्वतःशीच म्हणाले. मग जिवलीला विचारलं, "आजी, यांचे आजोबा कुठं बसायचे?"

"आधी वर," जिवली म्हणाली. "शेवटची दहा वर्षं इथंच. त्यांचेबी गुडघे गेले होते."

"काकी!" हेमंत म्हणाला.

"खरा सांग म्हणालास ना रे."

हेमंतच्या चिमटीतलं कुसळ अजून तसंच होतं. ते कुठंतरी टाकायला तर हवं. त्याने ते मागे टाकलं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. धोंड्याच्या मागे करवंदीची जाळी होती, गवत होतं, आईन होते. दोन पिढ्यांनी काढून टाकलेली कुसळं, झटकलेलं बी, थुंकलेली करवंदं, पायांचा चिखल, सगळं तिथं उगवलं होतं. वरचं रान कुठं संपतं आणि हे कुठं सुरू होतं, ते यंत्रालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा आकडा रबराने खोडला आणि यंत्र आपल्या शेजारी, खालच्या धोंड्यावर ठेवलं.

हेमंतने पंधरा दिवस जिवलीचं तोंड पाहिलं नाही. पार्टी वांगणीकडे दुसरा डोंगर बघायला गेली. पुढे उद्यानाचा फलक लागला, माणसं वाढली आणि हेमंतने खाली आपल्या जागेत गाड्या लावायची सोय केली, चहा-भजी सुरू केली. आता तोच लोकांना ओरडून सांगतो, "कुसळं धोंड्यावर काढून या! खिसे रिकामे करा! देवाचं असतं!" जिवलीला तो चहा आणून द्यायचा, पण बोलायचा नाही. मग एकदा साखर विसरला म्हणून बोलावं लागलं, तिथून बोलणं सुरू झालं.

खालच्या धोंड्याशेजारी सरकारने सिमेंटचा खांब पुरला. त्यावर आकडा लिहिला. जिवलीला आकडा वाचता येत नव्हता. तिने किर्तीला एकदा विचारलं होतं, यावर काय लिहिलंय म्हणून. किर्ती म्हणाली, "हद्द इथं आहे, असं लिहिलंय." जिवली म्हणाली, "हे आम्हाला ठाऊक होतं."

जिवली गेली ती गेल्या मार्गशीर्षात, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. चांगुणा मांजर्लीहून येईपर्यंत झऱ्याचं काम कोण करणार यावर वाडीत बोलणंही होऊन गेलं होतं. नूतन म्हणून एक नवी सून आहे, हेमंतची बायको, तिच्याकडे आलं.

त्या दिवशी सकाळी मात्र जिवली नेहमीसारखी गेली होती. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत. झऱ्यात उंबराची पानं फार पडली होती. ती सगळी काढून तिने काठावर ठेवली, गाळ उपसला, पाणी नितळ होईपर्यंत थांबली, एक ओंजळ प्याली. वाघोबाकडे वर चढवेना, म्हणून तिथूनच हात जोडले. मग खाली येऊन धोंड्यावर बसली. हेमंतने खालून ओरडून विचारलं, "काकी, चहा टाकू काय?"

"थांब. अजून पाठचा पदर राहिलाय."

तिने पदर पुढे घेतला, मांडीवर पसरला, एकेक कुसळ काढून मागे टाकलं. शेवटचं एक काठात अडकलं होतं. ते निघेना, तर दाताने ओढलं आणि तेही मागे टाकलं. मग सिमेंटच्या खांबाला धरून उठली आणि चहाला खाली गेली.